१९१८ चा इन्फ्लुएन्झा आणि उतरणीला लागलेली राजसत्ता : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात

१९१८ साली मुंबई इलाख्यातील एखाद्या खेड्यात कोणी इन्फ्लुएन्झाने दगावले, तर त्याचा मृत्यू गावच्या नोंदवहीत बहुधा ‘ताप’ या सदराखाली दाखल होई. पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार, श्वसनाचे विकार, अपघात आणि इतर, अशी मोजकी सदरे सरकारने आखून दिलेली होती. नोंद करणारा पाटील वैद्य नव्हता. मृताच्या घरच्यांनी जे सांगितले ते तो लिहून घेई. गावोगावचे हे आकडे तालुक्याकडे, तेथून जिल्ह्याकडे आणि शेवटी इलाख्याच्या आरोग्यखात्याच्या वार्षिक अहवालात जात. तो अहवाल ब्रिटिश मुलखापुरता होता. पुण्याच्या दक्षिणेस व नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या कुशीत वसलेली भोर-वेल्ह्याची खोरी त्या काळी पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडत असल्यामुळे तेथील मृतांना इलाख्याच्या बेरजेत जागा नव्हती.

ही बाब वरवर पाहता कारकुनी स्वरूपाची वाटेल. तथापि साथ आणि साम्राज्य यांच्या परस्परसंबंधाचा विचार करताना तिच्यापासूनच आरंभ करणे सोयीचे आहे. महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या या साथीने ब्रिटिश सत्तेचे काय केले, हा प्रश्न विचारला जातो तेव्हा उत्तरे सहसा दोन टोकांची असतात. एका मताप्रमाणे साथीने लोकांची मने पेटविली व असहकाराची भूमी तयार झाली. दुसऱ्या मताप्रमाणे लोकांनी ती दैवी आपत्ती मानून विसरून टाकली, राजकारणावर तिचा काहीच परिणाम झाला नाही. प्रस्तुत लेखकास ही दोन्ही मते अपुरी वाटतात. साथीने सत्ता उलथविली नाही, हे उघड आहे. सत्तेचा हात प्रजेपर्यंत किती पोहोचतो, हे मात्र तिने दाखवून दिले. आणि भोरसारख्या डोंगरी संस्थानात, जेथे एकावर एक अशी दोन सरकारे होती, तेथे ते अधिकच ठसठशीतपणे दिसते.

प्रथम परिसराविषयी थोडेसे. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव यांच्याकडे आलेल्या मुलखातून पुढे भोर संस्थान बनले. त्याचे पाच तालुके किल्ल्यांच्या व मावळांच्या नावांनी ओळखले जात : विचित्रगड म्हणजे रोहिडा, राजगड, प्रचंडगड म्हणजे तोरणा, पवनमावळ आणि सुधागड. वेल्हे हे गाव तोरण्याच्या पायथ्याशी आहे. ज्या वेल्हे तालुक्यास २०२४ मध्ये राजगड हे नाव देण्याचा निर्णय झाला, त्यात राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले येतात. संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ९२५ चौरस मैल आणि १९०१ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १,३७,२६८ होती. साथीच्या वेळी शंकरराव चिमणाजी हे पंतसचिव गादीवर होते, आणि ब्रिटिश सरकारच्या वतीने संस्थानावर देखरेख ठेवण्याचे काम पोलिटिकल एजंट या नात्याने पुण्याच्या कलेक्टरकडे होते. म्हणजे नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी यांच्या खोऱ्यांतील कुणब्याचा कारभार पंतसचिवांच्या दरबाराकडे, आणि त्या दरबारावरची नजर मात्र पुण्यास, अशी ही रचना होती.

आता साथीकडे वळू. मुंबईचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांच्या वृत्तांताप्रमाणे १० जून १९१८ रोजी गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाले. शहरातील साथीचा आरंभ येथून धरतात. योगायोग असा की, त्याच दिवशी मुंबईत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्धपरिषद बोलाविली होती, आणि स्वराज्याचा उल्लेख करताच भाषणात अडविले गेल्यामुळे टिळक ती सभा सोडून निघून गेले होते. एका बाजूस सरकार सैन्यभरतीसाठी लोकांचे सहकार्य मागत होते, आणि त्याच युद्धाच्या जहाजांतून आलेला रोग त्याच शहराच्या बंदरात उतरत होता. युद्धाचा आणि साथीचा संबंध लावण्यासाठी याहून निराळा पुरावा शोधण्याची गरज नाही.

जून-जुलैची ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली, आणि तीच संहारक ठरली. मुंबई शहरात ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी ७६८ मृत्यू झाले. नवरात्राचा सुमार होता. रेल्वेने, सैनिकांच्या हालचालींबरोबर आणि गिरण्या सोडून गावी परतणाऱ्या मजुरांबरोबर रोग दख्खनभर पसरला. या रोगाची दोन लक्षणे लोकांच्या विशेष ध्यानात राहिली. एक म्हणजे त्याचा अकस्मात हल्ला : सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी अंथरुणास खिळे. दुसरे म्हणजे मरणाऱ्यांचे वय. एरवी तापाच्या साथीत म्हातारी माणसे आणि तान्ही मुले दगावतात; येथे वीस ते चाळीस वर्षांची कर्ती माणसे मोठ्या प्रमाणात गेली, आणि आपल्याकडे त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. मराठी मुलखात लोकांनी या तापाला ‘मानमोडी’ असे नाव दिले. ‘स्पॅनिश’ या विशेषणापेक्षा ते कितीतरी यथार्थ आहे. स्पेनमध्ये रोगाचा उगम झाला नव्हता; तो देश तटस्थ असल्याने तेथील वृत्तपत्रांवर युद्धकालीन बंधने नव्हती व तेथील बातम्या बाहेर आल्या, एवढाच त्या विशेषणाचा आधार.

त्या वेळच्या वैद्यकाला रोगाचे कारण ठाऊक नव्हते. फायफर यांनी वर्णिलेल्या जंतूकडे बोट दाखविले जाई. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा काढला गेला तो १९३३ मध्ये. आणि १९१८ च्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना, अलास्कातील गोठलेल्या दफनभूमीतून मिळालेल्या ऊतींच्या साहाय्याने, २००५ मध्ये उलगडली. प्रतिजैविके तर अजून यावयाची होती. तेव्हा सरकारने मनावर घेतले असते तरी काय करता आले असते, असा आक्षेप येथे कोणी घेईल. आक्षेप वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर मुंबई शहराच्या आकड्यांतच आहे.

साथीतील मृत्यूंचे हजारी प्रमाण त्या शहरात जातिवार काढण्यात आले होते. युरोपियनांत ते ८.३, पारशांत ९.०, एतद्देशीय ख्रिस्ती लोकांत १८.४, मुसलमानांत १९.२ आणि सवर्ण हिंदूंत १८.९ होते. ज्यांना त्या कोष्टकात ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटले आहे, त्यांच्यात ते ६१.६ होते. विषाणू एकच, शहर एकच, महिने तेच. आणि तरीही पहिल्या व शेवटच्या आकड्यांत सातपटींहून अधिक अंतर! औषध कोणापाशीच नव्हते. मग हे अंतर कशाचे? दाटीच्या खोल्या, अपुरे अन्न, अंथरूण-पांघरुणाचा अभाव, आणि आजाऱ्यास पाणी व पेज देण्यासाठी उभा राहू शकेल अशा माणसाचा अभाव, यांचे ते अंतर होय. न्यूमोनियावर उपाय नसला तरी शुश्रूषेने बरीच माणसे वाचतात, हे या कोष्टकाने सिद्ध होते. त्या काळच्या आरोग्यविषयक साहित्यात याच्याइतके बोलके कोष्टक दुसरे क्वचितच असेल.

हे ध्यानात घेऊन भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांकडे पाहावे. येथे शहरासारखी दाटी नव्हती. ती एक जमेची बाजू. पण वाड्या विखुरलेल्या, पावसाळ्यात ओढ्यांनी एकमेकींपासून तुटलेल्या. खोऱ्यांत रेल्वे नव्हती. पुणे-साताऱ्याचा रस्ता कापूरहोळावरून जाई व तेथून भोरकडे फाटा फुटे. पश्चिमेस वरंध्याच्या घाटाने महाडकडे उतरता येई. मढे घाटासारख्या वाटांवर तर पायीच चालावे लागे. अशा ठिकाणी रोग माणसाच्या पायांनी पोहोचतो, परंतु डॉक्टर पोहोचत नाही. मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत घाटावरचे मजूर मोठ्या संख्येने होते, आणि शहरात माणसे पटापट मरू लागल्यावर त्यांनी गावची वाट धरली. आपल्या माणसांत जाऊन पडावे, ही इच्छा स्वाभाविकच होती.

वेळही नेमकी वाईट होती. मावळात भाद्रपद-आश्विनात हळवे भात कापणीस येते, त्यामागून गरवे भात आणि वरकस उतारांवरची नाचणी व वरी. काम थोड्या दिवसांत उरकावे लागते. पीक शेतात उभे राहिले तर दाणा झडतो, रानडुकरे व पाखरे उरलेले नेतात. घरातील सर्व कर्ती माणसे एकाच आठवड्यात अंथरुणावर पडली, की कणगीत धान्य असूनही उपासमार होऊ शकते. कारण ते कांडणारे, दळणारे आणि शिजविणारे हात नसतात. या साथीचे हे वैशिष्ट्य आकडेमोडीत हरवून जाते. आईवर कुटुंबाची शुश्रूषा पडते, तीही तशाच तापात उठून; स्त्रियांच्या अधिक मृत्यूचे एक कारण बहुतेक अभ्यासक येथेच शोधतात.

त्यातच १९१८ चा पावसाळा विसाव्या शतकातील सर्वांत अपुऱ्या पावसाळ्यांपैकी एक होता. युद्धामुळे धान्य, कापड आणि रॉकेल यांचे भाव आधीच चढलेले. आगगाडीचे डबे लष्कराच्या कामी गुंतलेले. सह्याद्रीच्या माथ्यालगत अवर्षणाची झळ पूर्वेकडील पठाराइतकी बसत नाही, हे मान्य केले तरी मावळचा शेतकरी स्वतःच्या भातावर वर्षभर निभावत नाही. मीठ, कापड व कमी पडेल ते धान्य त्याला भोर, नसरापूर किंवा पुण्याच्या बाजारातून घ्यावे लागते, आणि बाजारातील भाव सर्वांना सारखेच.

या परिस्थितीत सरकार कोठे होते? येथे एकवीस वर्षे मागे जाऊन १८९७ च्या पुण्याची आठवण करणे आवश्यक आहे. प्लेगच्या साथीत त्याच वर्षी साथरोग कायदा करण्यात आला. रँडच्या अधिकाराखाली गोरे सैनिक घराघरांत, देवघरांत आणि स्वयंपाकघरांत शिरले. माणसे छावण्यांत नेली गेली, सामान जाळले गेले. त्याची परिणती २२ जूनच्या रात्री रँड व आयर्स्ट यांच्यावर झालेल्या गोळीबारात झाली. तो जुलूम होता यात शंका नाही. पण त्या जुलमात सत्तेचा आत्मविश्वास होता. प्रजेच्या शरीरावर आपला अधिकार आहे आणि रोगाचा बंदोबस्त करणे आपले काम आहे, असे ती मानीत होती. १९१८ मध्ये त्या आत्मविश्वासाचा मागमूस दिसत नाही. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अनेक अधिकारी युद्धावर गेले होते. पत्रके निघाली, काही फिरते दवाखाने निघाले; पण मुंबईतील वृत्तपत्रांनी, वरिष्ठ अधिकारी थंड हवेच्या ठिकाणी राहिले आणि शहर नशिबाच्या हवाली केले, अशी उघड टीका केली. प्रत्यक्ष मदतीचा मोठा भार सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी, ज्ञातींच्या मंडळांनी आणि स्वयंसेवकांनी उचलला. गुजरातेत सुरत जिल्ह्यात कल्याणजी व कुंवरजी मेहता आणि दयाळजी देसाई यांच्या तरुण सहकाऱ्यांनी खेड्यांत जाऊन औषधे वाटली. पुढे असहकाराच्या चळवळीत हीच मंडळी आघाडीवर दिसतात. साथीने राष्ट्रवाद जन्माला घातला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण सरकारची जागा रिकामी असताना तेथे कोण जाऊन उभे राहिले, हे लोकांनी पाहिले. (गांधीजींना त्या वर्षी इन्फ्लुएन्झा झाला होता असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. त्यांच्या स्वतःच्या कथनाप्रमाणे ते खेडा जिल्ह्यातील भरतीच्या दगदगीनंतर आमांशाने आजारी पडले होते. लोकप्रिय इतिहासात साथी अशा सोयीने मोठ्या माणसांना चिकटविल्या जातात.)

संस्थानी मुलखात ही पोकळी दुहेरी होती. ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने प्रजेच्या आरोग्याची जबाबदारी दरबाराची. आणि लहान संस्थानाच्या दरबारापाशी ना डॉक्टरांचे दल, ना तेवढा पैसा. मात्र साम्राज्याचा हात भोरच्या डोंगरांत पोहोचतच नव्हता असे म्हणता येत नाही. वेळवंडीवर भाटघर येथे ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरण बांधले होते. त्याच्याच जागी पुढे मोठे धरण उभारून १९२८ मध्ये त्यास लॉर्ड विलिंग्डन यांच्यामागून गव्हर्नर झालेल्या लॉइड यांचे नाव देण्यात आले. संस्थानातील खोरे बुडाले आणि पाणी नीरेच्या कालव्यांनी ब्रिटिश मुलखातील बारामती-इंदापूरच्या बाजूस गेले. पाण्यासाठी जी सरहद्द आड आली नाही, ती माणसांच्या मोजणीच्या वेळी मात्र आड आली.

मोजणीच्या प्रश्नाचा आणखी थोडा विचार केला पाहिजे. साथीचे बळी किती, याचे उत्तर शंभर वर्षे बदलत आले आहे. सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांच्या १९१९ च्या प्राथमिक अहवालात सबंध हिंदुस्थानासाठी सुमारे ६० लक्ष हा आकडा आला. १९२१ च्या जनगणनेनंतर तो १ कोटी २० ते ३० लक्षांवर गेला. किंग्स्ले डेव्हिस यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात तो २ कोटींपर्यंत नेला. मिल्स यांनी १९८६ मध्ये १ कोटी ७० ते ८० लक्ष हा अंदाज दिला. सिद्धार्थ चंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १ कोटी ३८.८ लक्ष हा आकडा काढला, आणि चिन्मय तुंबे यांनी २०२० मध्ये पुन्हा २ कोटींच्या बाजूने मत दिले. एकट्या मुंबई इलाख्यात सुमारे १० लक्ष माणसे गेली. ही तफावत पाहून विद्यार्थी गोंधळतात. पण तिची कारणे साधी आहेत. ‘ताप’ या सदरातून इन्फ्लुएन्झाचे मृत्यू वेगळे काढता येत नसल्याने मागील काही वर्षांची सरासरी वजा करून ‘अधिक मृत्यू’ काढावे लागतात, आणि कोणती वर्षे धरावी यावर उत्तर बदलते. नोंदणी करणारेच आजारी पडल्याने ऐन साथीत नोंदणी मोडली. शिवाय चंद्र यांचा आकडा प्रत्यक्ष ब्रिटिश अमलाखालील प्रांतांपुरता आहे, ही गोष्ट तो उद्धृत करताना पुष्कळदा गळते. संस्थानांचा हिशेब बव्हंशी शेजारच्या ब्रिटिश मुलखाच्या प्रमाणावरून बसविला गेला. म्हणजे राष्ट्रीय बेरजेत भोरचा माणूस त्रैराशिकाच्या रूपाने येतो.

या साथीचा अर्थशास्त्रात एक प्रसिद्ध वाद आहे, त्याची दखल येथे घेणे अप्रस्तुत होणार नाही. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात हिंदुस्थानातील या साथीचा उपयोग एका सिद्धांताची कसोटी म्हणून केला. मागासलेल्या शेतीत जादा श्रमशक्ती पडून असते, ती काढून घेतली तरी उत्पादन घटत नाही, हे त्या काळचे प्रचलित मत. शुल्ट्झ यांनी दाखविले की, साथीत शेतीतील श्रमशक्ती सुमारे ८ टक्क्यांनी घटली, आणि १९१६-१७ च्या तुलनेने १९१९-२० मध्ये पेरणीखालील क्षेत्र ३.८ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा ‘जादा’ म्हटलेले हात प्रत्यक्षात जादा नव्हते. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये या कसोटीवर आक्षेप घेतले. त्या तांत्रिक वादात न शिरता एवढे म्हणता येईल की, मावळच्या भातशेतीत सरासरी फारशी उपयोगाची नाही. आवणी पंधरा-वीस दिवसांत व्हावी लागते आणि ती इर्जिकीने, म्हणजे एकमेकांच्या शेतावर हात लावून होते. साथ सर्व घरांतून आठ टक्के माणसे समप्रमाणात उचलीत नाही. ती एक घर सोडते आणि शेजारचे रिकामे करते. ज्या घरात विधवा व लहान मुले उरली, त्यांची खाचरे पुढल्या आषाढात पडीक राहिली, वाट्याने गेली, की सावकाराकडे गेली, हा प्रश्न श्रमशक्तीच्या एकूण आकड्यापेक्षा सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

ज्या आठवड्यांत दख्खनमध्ये साथ शिगेस पोहोचली, त्याच आठवड्यांत ऑस्ट्रिया-हंगेरी व तुर्कस्थान ही साम्राज्ये शस्त्रे खाली ठेवीत होती. व्हिएन्नाही तापाने फणफणत होती. जर्मन सेनापती लुडेनडॉर्फ यांनी आपल्या उन्हाळी चढाईच्या अपयशाचा काही दोष या रोगावर ढकलला आहे. ती साम्राज्ये रोगाने पडली नाहीत, युद्धाने पडली. पण भुकेल्या व थकलेल्या प्रजेपुढे राज्ययंत्राने नुसते बघत राहावे, हे दृश्य तेथेही होते. ब्रिटिश साम्राज्य मात्र विजयी झाले, आणि नकाशावर तर युद्धानंतर ते पूर्वी कधी नव्हते इतके विस्तारले. त्यास ‘उतरणीला लागलेले’ म्हणणे म्हणूनच काहींना विचित्र वाटेल. विस्तार आणि पकड या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९१९ च्या मार्चमध्ये रौलट कायदा झाला, एप्रिलमध्ये जालियनवाला बाग. म्हणजे दंडशक्ती शाबूत होती. त्याच वर्षाच्या सुधारणा-कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. तिच्यात पोलीस, न्याय व जमीनमहसूल ही खाती गव्हर्नर व त्याच्या कौन्सिलाकडे राखून ठेवण्यात आली, तर वैद्यक व सार्वजनिक आरोग्य ही खाती हिंदी मंत्र्यांकडे सोपविण्यात आली. सुधारणांचा आराखडा साथीच्या पूर्वीचा आहे, तेव्हा हे साथीचे फळ असे म्हणता येत नाही. मात्र सत्ता कोणती जबाबदारी स्वतःपाशी ठेवू पाहत होती आणि कोणती सोडावयास तयार होती, हे त्या वाटणीत स्पष्ट दिसते. भोरच्या प्रजेला ती वाटणीही लागू नव्हती. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत तेथील आरोग्याचा विषय दरबाराकडेच राहिला. १८९७ चा साथरोग कायदा मात्र टिकला, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच पुन्हा लागू करण्यात आला. त्या वेळी त्याच्या कक्षेत वेल्हेही होते.

या परिसरावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना नमूद करावीशी वाटते. मृत्यूच्या नोंदीवर विसंबता येत नसेल, तर जन्मांच्या तुटीवर विसंबता येते. १९१८-१९ मध्ये इतक्या तरुण स्त्रिया दगावल्या वा आजाराने क्षीण झाल्या, की त्या व पुढील वर्षी जन्मलेल्या मुलांची पिढी विरळ निघाली. आजच्या भारताच्या भूभागापुरते पाहिले तर १९११ ते १९२१ हे एकच दशक असे आहे की ज्यात लोकसंख्या घटली, सुमारे २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर. ही विरळ पिढी १९२१ च्या गणनेत दोन-अडीच वर्षांची, १९३१ मध्ये बारा वर्षांची, आणि १९५१ मध्ये बत्तीस वर्षांची असावयास हवी. विलीनीकरणानंतर भोर व वेल्हे पुणे जिल्ह्यात आले आणि सुधागड कुलाब्याकडे गेला. १९५१ ची गणना ही त्यानंतरची पहिली. वयोगटांची कोष्टके शेजारच्या पुरंदर व हवेली या ब्रिटिश तालुक्यांशी ताडून पाहिली, तर संस्थानाच्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस खळगा सारखाच खोल आहे की कमी-अधिक, हे पाहता येईल. एक अडचण आधीच लक्षात ठेवावी. खेड्यात वय विचारले असता लोक तीस, पस्तीस, चाळीस असे ठोकळ सांगतात, त्यामुळे बत्तीस वर्षांचा खळगा तिशीच्या उंचवट्याखाली झाकला जातो. त्यासाठी एकेक वर्षाऐवजी पाच-पाच वर्षांचे गट घेऊन, स्त्रिया व पुरुष वेगळे काढून, हिशेब करावा लागेल.